येरळेची तपासणी आणि तळवटचं वळण

मी चिपळूणची. वाशिष्ठीच्या काठी वाढलेल्या माणसाला नदी दाखवावी लागत नाही, श्रावणात ती स्वतःच माजघरापर्यंत येऊन भेटून जाते. म्हणून वडूजच्या बाहेर, काखोटीला जाळं आणि हातात बाटल्यांची पेटी घेऊन, मी पवारांना विचारलं की नदी कुठे आहे. पवार अदबीने म्हणाले, "बाई, तुमी तिच्यातच हुभ्या हाय."

खाली पाहिलं. चपला कोरड्या होत्या. दोन काठांमध्ये वाळूच वाळू, आणि तिच्या मधून टोपातून सांडल्यासारखा एक ओघळ. तो पुढे कुठे कुठे डोहात साठत होता, पुन्हा वाळूत शिरत होता. ही येरळा. हिची प्रकृती तपासायला मला पुण्याहून पाठवलं होतं.

काम आधी सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. नदीच्या वरच्या अंगाला मळीपासून मद्यार्क काढण्याचा कारखाना उभारायचा काही मंडळींचा बेत होता. कारखान्यातून काळं, आंबूस, ऊन पाणी निघतं. ते येरळेत सोडावं की नाही हे ठरवायला सांगलीला एक समिती नेमली होती. समितीचं म्हणणं असं, की नदी जिवंत असेल तर सोडू नये, आणि अगोदरच निर्जीव असेल तर कुणाचं काय जातं? तेव्हा कुणीतरी जाऊन बघून यावं. आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्र विभागातल्या दोन पुरुष प्राध्यापकांपैकी एकाच्या मुलीचं लग्न निघालं, दुसऱ्याला पोटाचा विकार निघाला, आणि जाळं माझ्या काखेत आलं. पाच गावांच्या पाणवठ्यांवर मोजणी करायची आणि छापील तक्त्यात "सजीव: आहेत / नाहीत" यातलं एक खोडायचं.

पाण्याची तब्येत पाण्याकडे बघून कळत नाही, त्यात राहणाऱ्यांकडे बघून कळते. दगडाच्या पोटाला चिकटलेल्या अळ्या, शंख, चिखलातले किडे, बारके मासे. यातलं कोण आहे आणि कोण गाव सोडून गेलंय, एवढं पाहिलं की झालं. काम सोपं. मी तीस वर्षांची असल्यापासून हे करत आले आहे आणि आता चाळिशी उलटली आहे.

बरोबर दोघे होते. एक आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना अख्खं कॉलेज हवालदार म्हणतं. लोणंदजवळचे. फौजेत पाणी गाळणाऱ्या तुकडीत वीस वर्षं काढलेली, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. दुसरे हे पवार, निवृत्त तलाठी, समितीने वाट दाखवायला दिलेले. पवारांसारखा भला माणूस मी पाहिला नाही, आणि त्यांच्याइतकं नुकसानही माझं कुणी केलं नाही. पाचही गावांना त्यांनी आधीच कागद धाडून कळवलं होतं, शिवाय ते रोज एक एस.टी. आधीची धरून पुढच्या गावी जात आणि वर्दी देत. मला वाटलं, जेवणाखाण्याची सोय बघत असतील.

आंबढव

(गावांची नावं बदलली आहेत. या गावांनी मला पोटभर जेवू घातलंय.)

काठावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं. हलगी होती. सरपंचांनी नारळ दिला, जो मी कोकणातली असल्यामुळे जरा संशयाने वाजवून पाहिला. मग आम्ही पाण्याकडे वळलो आणि मी जागच्या जागी थांबले.

नदी झाडलेली होती. अक्षरशः खराट्याने झाडलेली, वाळूवर रेघा उमटल्या होत्या. पाणवनस्पती उपटून ढीग पेटवून दिला होता. काठचं लव्हाळं कापलं होतं. पाण्यातला एकूणएक दगड काथ्याने घासून, चुना लावून, लहानमोठा बघून ओळीने मांडला होता, आणि मोठ्या दगडांना गेरूची किनार होती. कारण उघड होतं. या भागात तपासणी म्हणजे तपासणी. मग ती शाळेची असो, चावडीची असो की नदीची असो. साहेब यायच्या आधी सारवायचं, रंगवायचं, नको ते नजरेआड करायचं. पवारांनी चाळीस वर्षं गावोगाव हीच वर्दी दिली होती.

मी पदर खोचला, पाण्यात उतरले, पांढरे दगड एकेक उलटे केले. खालूनही चुना होता. पायाने तळ ढवळून जाळं धरलं तर जाळ्यात चुन्याचे पोपडे आले. सरपंच काठावरून अभिमानाने म्हणाले, "येक किडा घावला तर नाव सांगनार न्हाई, बाई. चार दिस गाव राबतंय."

मी तक्त्यात शून्य लिहिलं. सरपंचांनी ते डोकावून वाचलं आणि समाधानाने मान हलवली.

हवालदार बाटल्या पुसत होते. ते म्हणाले, फौजेत जनरल यायचा असला की ते कोळशाच्या ढिगाला चुना लावत; एकदा तर वाळलेल्या गवताला हिरवा रंग फासला होता आणि जनरलच्या घोड्याने ते खाल्लं. घोड्याचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

त्या दिवशी सोमवार. धान्य वाचवायला सोमवारी रात्री जेवायचं नाही हे पंतप्रधानांनी घालून दिलेलं सध्याचं देशाचं व्रत आंबढव मनापासून पाळतं, म्हणून मला संध्याकाळी साडेपाचलाच दुप्पट वाढलं. बाजरीची भाकरी, पिठलं, कांद्याची पात आणि हिरव्या मिरचीचा खर्डा. आमच्याकडे प्रत्येक पदार्थात नारळ असतो तसं इथे प्रत्येक पदार्थात शेंगदाण्याचं कूट असतं, आणि दोन्हीकडच्या बायकांना दुसरीची कीव येते. खर्डा मी भाजीसारखा खाल्ला. पुढचा अर्धा तास व्रताचा नव्हता, प्रायश्चित्ताचा होता.

बोरखडी

बोरखडीची नदी जांभळी होती.

आंबढवने चुना लावला म्हटल्यावर बोरखडी मागे कशी राहील? त्यांनी पटकीच्या साथीत विहिरीत टाकतात ते लाल औषध पोत्याने आणून डोहात ओतलं होतं. जास्वंदीच्या सरबतासारख्या रंगाचा डोह उन्हात चमकत होता. काठावर एक ताजा मातीचा उंचवटा दिसला. काय आहे विचारलं तर कुणी बोलेना. शेवटी एका म्हाताऱ्याने सांगितलं, की मासे वर आले होते, दिसायला बरं दिसत नव्हतं, म्हणून पुरले.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी मोजायला आले नसते तर ते मासे जिवंत असते. मग रडण्याचा राग झाला आणि तो मी पवारांवर काढला. काठावरच त्यांना समोर बसवलं आणि शाळकरी पोराला सांगावं तसं सांगितलं, की मला स्वच्छता बघायची नाही. मला किडे हवेत, बेडूक हवेत, शेवाळ हवं. माझ्या तक्त्यात शून्य आलं की नदी मेली असं ठरणार, आणि मेलेल्या नदीत कारखान्याचं काळं पाणी सोडणार. मग पिणार काय?

पवारांचा चेहरा पडला. समितीच्या पत्राची पहिली ओळ, "नदीची तपासणी होणार आहे", एवढीच त्यांनी वाचली होती. पुढचं वाचायची त्यांना सवय नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्या ओळीच्या पुढे कधी काही निघालं नव्हतं. "मंजी घान पायजे," ते उठत म्हणाले. "मग आदी सांगायचं न्हाई व्हय, बाई." आणि विट्याची एस.टी. धरायला ते धावतच सुटले. मी हाका मारत राहिले.

विट्याच्या पुढे

पुढच्या दोन गावांत मला घाण मिळाली, पण आधीच झाडूनपुसून घेतलेल्या नदीत वरून आणून टाकलेली.

पहिल्या गावात हलगी होतीच. पाणवठ्याच्या कडेने तांब्याच्या घागरी मांडल्या होत्या, आणि मी पोचल्याबरोबर त्या एकेक करून पाण्यात उपड्या केल्या गेल्या. त्यातून बेडूक निघाले. विहिरीतले, मळ्यातले, एका गृहस्थाच्या मोरीतले. ते पाण्यात पडले आणि आल्या पावली बाहेर येऊन गावाच्या दिशेने निघाले. देवळाच्या आडातलं एक कासवही आणलं होतं. ते पुजाऱ्याने मोजणीपुरतं दिलं होतं आणि हळदकुंकू लावलेलं होतं.

दुसऱ्या गावात मासे होते. दुरून बरेच दिसले, म्हणून मी लगबगीने उतरले आणि पहिला हातात घेतला. तो बोंबील होता. सुका. त्याच्या शेजारी खारा बांगडा तरंगत होता. विट्याच्या बाजारातून दोन शेर सुकं म्हावरं आणून येरळेत सोडलं होतं. समुद्रापासून इतक्या लांब, गुडघाभर पाण्यात, मला माझ्या गावचा बांगडा भेटला. माहेरचं माणूस परक्या गावात भेटावं तसं क्षणभर बरंही वाटलं. काठावरच्या मंडळींना मी विचारलं, हा मासा तुमच्या नदीतला? ते म्हणाले, आता हाय न्हवं.

मी हे कसं लिहू? तक्त्यात "नदीत सुकट आढळली" असा रकाना नव्हता. चार गावं झाली, चार शून्यं. पवार हात जोडून म्हणाले, की सरळ "आहेत" लिहा, चारी सरपंचांच्या सह्या आणून देतो. मी नाही म्हटलं. न मोजलेला आकडा मी आयुष्यात लिहिलेला नाही, आणि कारखानेवाल्यांनी दुसरा माणूस पाठवून खात्री करून घेतली असती तर खोटं उघडं पडून उरलीसुरली आशाही गेली असती. आता एकच गाव उरलं होतं, आणि समितीची बैठक चार दिवसांवर आली होती.

तळवट

तळवटला पवारांच्या दोन्ही वर्द्या एकामागून एक पोचल्या होत्या. म्हणून गावाने मंगळवारी नदी रंगवली आणि बुधवारी तिच्यात बेडूक सोडले. आम्ही गेलो तेव्हा चुन्याच्या दगडांवरून पांढऱ्या पायांचे बेडूक उड्या मारत चालले होते. सरपंचांना सगळे आबा म्हणत. धिप्पाड माणूस, पागोटं भारी, पण मी काळ्या पाण्याचं सांगितल्यावर त्यांनी ते काढून हातात घेतलं. त्यांच्या तीनशे उंबऱ्यांचं पिणं त्याच पाणवठ्यावर होतं.

पाचवं शून्य लिहून मी शाळेच्या पडवीत बसले. आबांच्या घरून हुरडा आला होता, गुळासकट, तो तसाच पडून होता. हवालदार समोर येऊन, टाच जुळवून उभे राहिले.

"बाई, तपासनीचं पानी झालं असंल तर आता आमचं बगा."

"तुमचं म्हणजे?"

"खालच्या वळनाचं. वस्तीचं. तितं कुनी चुना लावला न्हाई का बेडूक सोडला न्हाई. सफाई हितल्या पानवठ्यापातूर. त्याच्या खाली गावाच्या लेखी नदीच न्हाई."

सहा दिवस हा माणूस माझ्याबरोबर होता. मी सरपंचांकडे जेवत होते, शाळेत, चावडीत झोपत होते. हवालदार कुठे जेवतात, कुठे झोपतात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ते प्रत्येक गावात वेशीबाहेरच्या वस्तीत जात होते. दहा वर्षांपूर्वी त्या सगळ्या वस्त्यांनी बौद्ध धम्म घेतला होता, आणि हवालदारांनीही. मी पाणवठा पाहिला की तो गावाचा पाणवठा असं धरून चालले होते. कोकणातही असंच असतं. मला फार लाज वाटली आणि ती मी त्यांना बोलून दाखवली. ते म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या. जाळं घ्या. ऊन हाय तवर मोजू."

वळण गावापासून हाकेच्या अंतरावर होतं. दरडीखाली पाणी शांतपणे साठलं होतं, काठाने लव्हाळं, बाभळीची मुळं पाण्यात उतरलेली. पहिला दगड उलटा केला आणि त्याच्या पोटाला तीन शेपट्यांच्या इवल्या अळ्या लगबगीने पळाल्या. त्या फक्त चांगल्या पाण्यात राहतात. मी त्या दगडाचा मुका घ्यायचा काय तो बाकी ठेवला. शंख होते, चतुरांची पिल्लं होती, झिंगे होते, चांदीच्या सुईएवढे मासे होते. मी हाक मारून नाव सांगत होते, हवालदार फौजी थाटात ते परत उच्चारून लिहीत होते. शेवटी मी खड्ड्यात पाय पडून गळ्यापर्यंत भिजले. इतका चांगला दिवस मी कितीतरी वर्षांत घालवला नव्हता.

वस्तीतल्या बायका घागरी घेऊन आल्या होत्या. त्या पाण्याच्या कडेला वाळूत झरे उकरून वाटीवाटीने पाणी भरत होत्या आणि माझ्याकडे बघून हसत होत्या. फक्त सोनाआक्का नावाची एक साठीची बाई हसत नव्हती. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आवं बाई, इतकं किडं लिवून घ्येताय, मंग आमचं पानी बंद करनार का?"

मी म्हटलं, उलट आहे आक्का. हे किडे जगलेत म्हणून तुमचं पाणी राहील. तिने जरा विचार केला. मग हवालदारांच्या हातातला तक्ता मागितला, उलटसुलट केला, आणि त्यात काय काय लिहायचं असतं ते विचारलं. मी वाचून दाखवलं: मासे, कीटक, शंख, बेडूक, वनस्पती.

"आनि ज्ये पित्यात त्ये?"

त्याला रकाना नव्हता. मी तसं सांगितलं.

"व्हय," ती म्हणाली. "आमी देव बदलला, मेलेली ढोरं वडायचं सोडलं, पोरं साळंला घातली. पानवठा तेवढा त्योच ऱ्हायला."

मोजणीच्या जागी साक्षीदाराचा अंगठा लागतो. हवालदारांनी शाई पुढे केली, तर ती म्हणाली, बैठक सांगलीला असती न्हवं, मग अंगठा येकलाच कशाला धाडू? मीबी येती.

सांगली

आम्ही सगळेच गेलो. मी, हवालदार, पवार, आबा आणि सोनाआक्का. तासगावला गाडी बदलताना आक्काने पदराच्या गाठीतली भाकरी काढून मला अर्धी दिली. आबा खिडकीबाहेर द्राक्षांचे मळे बघत होते. सांगलीत हळदीचा वास शहराच्या अलीकडूनच यायला लागतो. आक्काला तो आवडला, तिला वाटलं कुणाचं तरी लग्न आहे.

बैठकीत मी पाच शून्यं आणि त्यांची कारणं वाचून दाखवली. जांभळा डोह सांगितला, बांगडा सांगितला. अध्यक्षांना हसू आवरेना. मग मी वळणाची मोजणी पुढे ठेवली आणि त्यांचं हसू थांबलं. कारखान्याच्या बाजूने आलेले एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, की यादीत तळवटचा पाणवठा आहे, हे वळण नाही. ही जागा तळवटच्या नदीत धरता येणार नाही. ज्या पाण्याला गाव पाणवठा मानत नाही, त्यावरची मोजणी कशी ग्राह्य धरायची?

मुद्दा बिनतोड होता. अध्यक्षांनी आबांना विचारलं, की वळण तुमच्या नदीत येतं का. सगळे आबांकडे बघू लागले. ते उठले, पागोटं सारखं केलं.

"येतं की. न यायला काय झालं? वरचं पानीच खाली जातं. नदी येकच हाय, सायेब, आमचीच हाय."

अध्यक्षांनी कारकुनाला ते लिहून घ्यायला सांगितलं. कारकुनाने लिहिलं, मोठ्याने वाचलं, आबांनी सही केली. तक्त्यातला "नाहीत" हा शब्द खोडला गेला. काळं पाणी येरळेत सोडू नये असं ठरलं. पवारांनी मला नमस्कार केला, मी त्यांना केला. पवार खुशीत येऊन भडंग आणायला पळाले.

पायऱ्या उतरताना सोनाआक्काने आबांना हाक मारली.

"आबा, नदी येकच हाय असं लिवलंय न्हवं?"

"व्हय."

"मंग उद्या सकाळी वरच्या अंगाला भरतो आमी पानी. झऱ्यातनं वाटीवाटीनं भरून हात मोडलं बगा."

आबा थांबले. मागे वळून त्यांनी बैठकीच्या दाराकडे पाहिलं, जणू सही परत घेता येईल का ते बघत होते. मग एस.टी. स्टँडकडे चालू लागले. मी त्या दुपारची पुण्याची गाडी सोडून दिली.

पुन्हा तळवट

सकाळी वस्तीतून सोनाआक्का निघाली तेव्हा तिच्यामागे सात बायका होत्या. मी आणि हवालदार शेवटी. पाणवठ्यावर गावातल्या बायका होत्या. त्या घागरी उचलून बाजूला झाल्या आणि उभ्या राहिल्या. चावडीवरची माणसं काठावर आली. हवालदार सावधानच्या पवित्र्यात उभे होते.

आबा आले. गर्दीने त्यांना वाट दिली. ते पाण्याच्या कडेशी, आक्काच्या चार हातांवर येऊन थांबले. आक्काने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिने पदर खोचला, पाण्यात उतरली आणि घागर बुडवली. भरताना घागर जो आवाज करते तो सबंध गावाने ऐकला.

आबा घसा खाकरून म्हणाले, "गाळून प्या. हितं म्हशी धुत्यात."

आक्काने घागर उचलून कंबरेवर घेतली.

"आबा," ती म्हणाली, "इतकी वर्सं आमी म्हशींच्या खालचंच पीत आलोय."